कार्ड नाही म्हणतं तेव्हा

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटली होती आणि नापास झालेला मुलगा गुणपत्रिकेकडे पाहतो तसा मी तिच्याकडे पाहत बसलो होतो. ओळीचा अर्थ एवढाच, की आपलं पेमेंट होऊ शकलेलं नाही, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा.

बँकेशी! अहो, सदतीस वर्षं मी बँकेतच काढली. त्यातली सहा परकीय चलनाच्या काउंटरवर. किती लोकांच्या पासपोर्टवर डॉलरची नोंद करून, शिक्का मारून त्यांना विमानात बसवलं असेल, त्याचा हिशेब नाही. आणि आज मला माझी स्वतःची दोन रेल्वेची तिकिटं काढता येत नव्हती.

तिकिटं झुरिक ते म्युनिकची. मुलगी म्युनिकला असते. तिचं पहिलंच बाळंतपण. सौ.ला तिच्याकडे जायचं होतंच. पण एकदा बर्फाचे डोंगर डोळ्यांनी पाहायचे, ही तिची इच्छा लग्नापासून राहून गेलेली. तेव्हा असं ठरलं, की मुंबईहून झुरिकला उतरायचं, दोन दिवस डोंगर पाहायचे आणि तिथून रेल्वेनं लेकीकडे जायचं. मुलीला नुसतं कळवलं असतं तरी तिनं पाच मिनिटांत तिकिटं काढून पाठवली असती. पण हिनं आधीच बजावलं होतं, ‘‘नववा महिना लागेल तिला. आता तिच्या डोक्याला आपला ताप नको. आपण मदतीला जातोय ना? मग तिकीट काढून दे, स्टेशनवर न्यायला ये, असं करत गेलो तर मदत कोण कोणाला करणार?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी संगणकापुढे बसलो आणि त्या रात्री दोन तास कार्डाशी झटापट करून हरलो. पुढच्या आठ-दहा दिवसांत जे शिकलो, ते आज सांगणार आहे. कारण आमच्याच इमारतीत अशी चार घरं आहेत, जिथली मुलं परदेशात आहेत आणि आईवडील दर वर्ष-दोन वर्षांनी तिकडे जातात. तुमच्याही इमारतीत असतील.

‘रिफर टु ड्रॉवर’

बँकेत चेक परत करताना आम्ही एक छापील चिठ्ठी जोडत असू. तीत कारणांची यादी असे आणि लागू असेल त्यापुढे खूण. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. या सगळ्यांत एक कारण फार सोयीचं होतं, ‘रिफर टु ड्रॉवर’. म्हणजे चेक देणाऱ्यालाच विचारा, आम्हाला बोलायला लावू नका. पडद्यावरची ती लाल ओळ म्हणजे आजचं ‘रिफर टु ड्रॉवर’ आहे. नकार मिळाला एवढंच ती सांगते. कुणी दिला आणि का, ते सांगत नाही.

आणि नकार देणारे पुष्कळ असतात. तुम्ही बटण दाबलं, की निरोप रेल्वेच्या संकेतस्थळाकडून तिच्या बँकेकडे जातो. तिथून तो व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यात शिरतो. ते जाळं कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून कार्ड कुणाचं हे ओळखतं आणि निरोप तुमच्या बँकेच्या दारात आणून सोडतं. तुमची बँक हो किंवा नाही म्हणते आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं जातं. हे सगळं काही सेकंदांत. वाटेतल्या प्रत्येकाला नाही म्हणण्याचा अधिकार आहे.

गंमत अशी, की तुमची बँक नाही म्हणते तेव्हा ती कारणाचा आकडाही पाठवते. ५१ म्हणजे शिल्लक पुरेशी नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५७ म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करण्याची मुभा नाही, ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. आणि ०५ म्हणजे नुसतंच ‘देऊ नका’. हा तर थेट आपल्या ‘रिफर टु ड्रॉवर’चा धाकटा भाऊ. ग्राहकाला यातलं सहसा काहीच दिसत नाही. पण बँकेच्या मदत केंद्रातल्या माणसाला नोंद बघता येते. म्हणून फोन केलात तर ‘माझं कार्ड का चालत नाही?’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक वाजता, अमुक रकमेचा व्यवहार नाकारला गेला, तुमच्याकडे कारण काय दिसतं?’ असं विचारा. निम्मं काम तिथेच होतं.

त्याआधी घरबसल्या एक चाचणी करता येते. स्वतःला विचारायचं, ओटीपी आला होता का? कार्डाचा क्रमांक टाकताच फॉर्मच अडला, तर दोष बहुधा कार्डाच्या जातीत किंवा फॉर्म भरण्यात. फॉर्म पुढे सरकला पण ओटीपी न मागताच नकार आला, तर बँकेतली परवानगी किंवा मर्यादा तपासावी. ओटीपीचं पान उघडलं पण आकडे आलेच नाहीत, तर दोष फोनचा. आणि ओटीपी घालूनही तिकीट नाही, तर तो निराळाच अध्याय. तो पुढे येईलच.

बंद असलेलं बटण

माझी पहिली चूक बाळबोध होती. पेन्शनच्या खात्याचं जे कार्ड होतं, तेच मी पुढे केलं. ते रुपे कार्ड, तेही फक्त देशात चालणारं. रुपेची काही कार्डं परदेशातही चालतात, पण ती वेगळी असतात. त्या संकेतस्थळावर पैसे भरण्याच्या जागी ज्या कार्डांची चिन्हं होती, त्यांत माझ्या कार्डाचं चिन्हच नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे जे यूपीआय चालतं, ते युरोपातल्या रेल्वेंच्या संकेतस्थळांवर सहसा नसतं. २०२४ साली पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झालं तेव्हा मोठी बातमी झाली होती. पण टॉवर वेगळा आणि गाडी वेगळी.

मग क्रेडिट कार्ड काढलं. त्यावर सगळी चिन्हं बरोबर. क्रमांक टाकला, मुदत टाकली, मागचे तीन आकडे टाकले. ओटीपी न येताच लाल ओळ. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल ओळ. हट्टाला पेटून चौथ्यांदा टाकलं, तेव्हा बँकेचा संदेश आला, की सुरक्षेसाठी तुमचं कार्ड तात्पुरतं थांबवण्यात आलं आहे.

आता यात बँकेचं काय चुकलं? साठी ओलांडलेल्या माणसाचं कार्ड, जे आजवर किराणा आणि औषधं यापलीकडे गेलं नाही, ते मध्यरात्री अचानक परदेशी दुकानाच्या दारावर चार वेळा धडका देतंय. मी काउंटरवर असतो तर मीही थांबवलं असतं. म्हणून दोन नकारांनंतर हात आवरता घ्यावा. तिसऱ्यांदा तीच किल्ली त्याच कुलपाला लावून उपयोग नसतो.

खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं, आणि बँकवाला असून मला ते आठवलं नाही याची लाज वाटली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला, की नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालू स्थितीत द्यायचं. ऑनलाइन खरेदी आणि परदेशी व्यवहार ग्राहकानं स्वतः मागितले तरच सुरू करायचे. ज्या जुन्या कार्डांवर असे व्यवहार कधी झालेच नव्हते, त्यांचीही ही सोय बंद करायची. चालू-बंद करण्याचं बटण आणि रकमेची मर्यादा ग्राहकाच्या हाती द्यायची. माझं कार्ड त्यानंतर बदलून आलेलं होतं. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ हे बटण बंद होतं आणि त्याखाली मर्यादेच्या रकान्यात शून्य. नुसतं बटण सुरू करून मर्यादा शून्यच ठेवली, तरी नकारच येतो. दोन्ही पाहावं लागतं. शिवाय देशातल्या ऑनलाइन खरेदीचं बटण वेगळं आणि परदेशी ऑनलाइन खरेदीचं वेगळं, अशीही रचना काही ठिकाणी असते.

काम झालं, की ते बटण पुन्हा बंद करावं. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला दुसरी ओळख सक्तीची झाली ती १ ऑगस्ट २००९ पासून. युरोपात तसा नियम लागू व्हायला सप्टेंबर २०१९ उजाडावा लागला आणि त्यांच्या देशाबाहेरच्या कार्डांना तो सरसकट लागू होत नाही. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर आपल्या कार्डातून कधी कधी ओटीपीशिवायही पैसे जातात. कार्डावरचे आकडे चोरीला गेले तर या वाटेनं गळती होऊ शकते.

नव्या पिढीला ओटीपी ही नवी भानगड वाटते. मला नाही वाटत. माझ्या काउंटरवरून ट्रॅव्हलर्स चेक जात, तेव्हा गिऱ्हाईक माझ्यासमोर एक सही करी आणि चेक वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे. दुसरी सही आता फोनवर येते, इतकंच. मात्र ती ज्या फोनवर येते, तो फोन चालू हवा. परदेशात गेल्यावर भारतातलं सिमकार्ड काढून पाकिटात टाकलं आणि तिकडचं घातलं, की ओटीपी येणार कुठे? निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावं, किंवा बँक ई-मेलवर ओटीपी पाठवते का ते विचारून ठेवावं.

त्या रात्रीचा फोन

कार्ड थांबवल्याचा संदेश आला आणि माझा धीर सुटला. उद्या सकाळी बघू, असं म्हणायला हवं होतं. पण तिकिटाचा स्वस्त दर संपेल, ही आपल्या हाडीमाशी भिनलेली भीती. मी नेटवर बँकेचं नाव आणि ‘हेल्पलाइन’ एवढं टाकलं आणि पहिला जो क्रमांक दिसला तो फिरवला.

लगेच उचलला गेला. इथेच मला शंका यायला हवी होती. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीनं बोलत होता. ‘सर, काळजी करू नका, तुमचं कार्ड दोन मिनिटांत मोकळं करतो. फक्त एक ॲप घ्या फोनवर, म्हणजे मला तुमचा पडदा इथून दिसेल.’ मी ॲप शोधायला लागलो. खोटं कशाला सांगू, मी ते उतरवून घेण्याच्या बेतात होतो.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, ‘‘पडदा दिसेल म्हणजे? त्याला ओटीपीसुद्धा दिसेल की.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, बँकेचा माणूस आहे.’’ तर म्हणाली, ‘‘बँकेचा माणूस तर तुम्हीही होतात. तिजोरीच्या किल्ल्या आंघोळीला जाताना सुद्धा माझ्याकडे सोपवत नव्हतात. आणि आता ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला?’’

मी फोन ठेवला. हात थरथरत होते. त्या खात्यात आमचा या प्रवासाचा सगळा पैसा होता आणि मुलीच्या अडीअडचणीला म्हणून ठेवलेली रक्कमही. हजारो लोकांना ‘अनोळखी माणसाला काही सांगू नका’ असं सांगण्यात माझी नोकरी गेली. पण अडलेला आणि ओशाळलेला माणूस कुणाचंही ऐकतो. त्याला फक्त आपली फजिती लवकर संपायला हवी असते. फसवणारे याच घटकेची वाट पाहत बसलेले असतात.

बँकेचा क्रमांक शोधायचा तो कार्डाच्या पाठीवर किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये. दुसरीकडे कुठेही नाही. आणि कुणाच्या बाबतीत दुर्दैवानं पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावं आणि बँकेलाही. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

पैसे गेले, तिकीट नाही

दुसऱ्या दिवशी कार्डाच्या पाठीवरच्या क्रमांकावर फोन केला. कार्ड मोकळं झालं, बटण सुरू केलं, मर्यादा घातली. संध्याकाळी पुन्हा बसलो. या वेळी ओटीपी आला, तो घातला, आणि पान गोल गोल फिरत राहिलं. मग कोरं झालं. फोनवर मात्र पैसे गेल्याचा संदेश. ई-मेलमध्ये तिकीट नाही.

‘‘गेले?’’ हिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘गेले नाहीत. बाजूला काढून ठेवलेत.’’

हे समजून घेण्यासारखं आहे. साडीच्या दुकानात आपण एखादी साडी बाजूला ठेवायला सांगतो, तेव्हा ती इतर कुणाला विकली जात नाही, पण आपलीही झालेली नसते. कार्डाचंही तसंच. ओटीपी जुळला, की आपली बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. रेल्वेनं मागाहून ती रीतसर मागितली तरच ती खरोखर जाते. तिकीट तयारच झालं नसेल तर मागणी येत नाही आणि काही दिवसांनी रक्कम आपोआप मोकळी होते. क्रेडिट कार्ड असेल तर तोवर फक्त मर्यादा कमी दिसते. डेबिट कार्ड असेल तर आपलेच पैसे अडकतात. म्हणून परदेशी तिकिटांना शक्यतो क्रेडिट कार्ड बरं.

अशा वेळी घाईनं लगेच दुसरं तिकीट काढू नये. आधी ई-मेल पाहावा, नको असलेल्या टपालाचा कप्पाही पाहावा, संकेतस्थळावर खातं उघडलं असेल तर तिथे नोंद आहे का पाहावं. काहीच नसेल तर रेल्वेला तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे कळवून विचारावं. मी तसं विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की आमच्याकडे तुमची मागणी नोंदलेली नाही. आठव्या दिवशी रक्कम मोकळी झाली. तशी ती झाली नसती आणि पैसे खरोखर वळते झाले असते, तर बँकेकडे लेखी तक्रार करून व्यवहार परत फिरवण्याची मागणी करता येते. त्याला चार्जबॅक म्हणतात. त्यासाठी मुदत असते. म्हणून पडद्याची छायाचित्रं आणि रेल्वेचं उत्तर जपून ठेवावं.

सहा आकडी पिन

तिसऱ्या खेपेला मी वाटच बदलली. झुरिकहून म्युनिकला जाणारी गाडी गंमतीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुटते, ऑस्ट्रियाच्या ब्रेगेन्झला थांबते आणि जर्मनीत पोहोचते. तीन देश, साधारण साडेतीन तास. तिचं तिकीट तिन्ही देशांच्या रेल्वे विकतात, कुठे फ्रँकमध्ये, कुठे युरोत. एका दुकानात जमलं नाही तर दुसऱ्यात जावं, हे मला उशिरा सुचलं.

इथे फॉर्म अडला तो पत्त्यावर. जर्मनीत पिनकोड पाच आकडी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये चार आकडी. आपला सहा आकडी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकडी पद्धत आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांना तो फॉर्म चुकीचे म्हणत होता. कारण साधं होतं. देशाच्या रकान्यात आधीपासून दुसराच देश निवडलेला होता. भारत निवडला, की सहा आकडे गुमान आत गेले. फोन क्रमांकापुढे ९१ लावावं लागलं. कार्डधारकाचं नाव कार्डावर आहे तसं आणि प्रवाशाचं नाव पासपोर्टवर आहे तसं, हा भेदही पाळावा. न्याहाळकानं पानाचं आपोआप भाषांतर केलं किंवा नवीन खिडकी उघडू दिली नाही, तर ओटीपीचं पान अडतं. ते दोन्ही बंद ठेवलं. आणि स्टेशनची नावं तिकडच्या भाषेत असतात. म्युनिकचं म्युन्शेन, व्हिएन्नाचं वीन, व्हेनिसचं वेनेझिया. पैसे भरण्यापूर्वी एकदा मोठ्यानं वाचून पाहावीत.

काही विक्रेते शेवटी विचारतात, रुपयांत भरता का? ऐकायला आपुलकीचं वाटतं, पण तिथला दर बहुधा महाग पडतो. त्यांच्या चलनातच भरावं. आपली बँक त्यावर परकीय चलनाचं शुल्क लावते, पुष्कळ कार्डांवर ते २ ते साडेतीन टक्के असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांच्या तिकिटावर साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये आणि वर ६३. एवढं गृहीत धरावं.

तिकिटं आली. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी. हिनं देवापुढे साखर ठेवली.

एक गोष्ट मात्र तिकडे गेल्यावर कळली, आणि आधी कळली असती तर निम्मी धडधड वाचली असती. आपल्या मनात रेल्वे म्हणजे आरक्षण, वेटिंग लिस्ट आणि पहाटेची तत्काळ तिकिटाची रांग. १ नोव्हेंबर २०२४ पासून आपल्याकडे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा त्या साठाव्या दिवसाची सकाळ कशी जाते हे सर्वांना माहीत आहे. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत बहुतेक गाड्यांना तसं नाही. सवलतीची तिकिटं मोजकी असतात आणि ती संपतात, हे खरं. पण पूर्ण भाड्याचं तिकीट गाडी सुटेपर्यंत मिळतं. खिडकीवर रोख पैसे देऊनही मिळतं. फक्त बसायची जागा हवी असेल तर ती वेगळी राखावी लागते. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत मात्र आरक्षण लागतंच. म्हणजे त्या रात्री माझं काहीच अडलेलं नव्हतं. फार तर थोडे जास्त पैसे पडले असते.

ब्रेगेन्झच्या जवळ खिडकीबाहेर मोठं तळं आलं. तपासनीस बाई आल्या, माझ्या फोनवरच्या चौकोनावर त्यांनी यंत्र धरलं, ते टिंग वाजलं. ‘‘झालं?’’ हिनं विचारलं. ‘‘झालं,’’ मी म्हटलं. म्युनिकच्या स्टेशनवर आम्हाला घ्यायला कुणी आलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला यायला सांगितलंच नव्हतं. बॅगा ओढत आम्ही दोघं लेकीच्या दारात जाऊन उभे राहिलो. तिनं विचारलं, ‘‘बाबा, तिकिटं कुणी काढली?’’ हिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

परत आल्यापासून इमारतीतले लोक अधूनमधून कार्ड घेऊन येतात. मी कार्ड हातात घेत नाही. चहा ठेवायला सांगतो आणि विचारतो, ‘‘ओटीपी आला होता का?’’